कोंड्याचं मडकं कोणी मारलं

९ मे

आजपासून रोजनिशी. रोज, न चुकता. चाळीस हिवाळे साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, कारखान्यात तोजी होतो, म्हणजे तिथला मुख्य उस्ताद. पिंपांचं तापमान लिहायला एक दिवस चुकलो नाही. गेल्या वसंतात रिटायर झालो, पिंपं नव्या तोजीकडे, तोशिकीकडे गेली. आता लिहायला उरलो मी.

आज डोकं भडकलंय. सविस्तर लिहितो.

गावच्या तपासणीत मला पातळ कालवलेल्या चुन्यासारखं काहीतरी पाजलं आणि सांगितलं, ढेकर द्यायचा नाही. मग फिरत्या टेबलावर झोपवून उलटासुलटा केला, तव्यावर धिरडं परतावं तसा. मी ढेकर दिला. माणूस आहे मी. तर म्हणे एक्स-रेचे फोटो नीट आले नाहीत, आणि जे आलेत त्यात काहीतरी दिसतंय. मग नाकातून कॅमेरा. मग आतून चिमटा काढून तुकडा नेला. आज रिपोर्ट.

डॉक्टर ओइकावा नावाची बाई आहे. वय आमच्या मुलीएवढं, चिनात्सुएवढं, बोलणं सासूसारखं. म्हणाली, कुमागाईसान, तुमच्या जठरात एक जंतू राहतोय. लहानपणीच आला असणार, विहिरीच्या पाण्यातून नाहीतर घरातल्या कुणाच्या तरी तोंडातून. साठ वर्षं तो आतलं अस्तर कुरतडतोय, वर तुमचं खारट खाणं. अस्तर जुन्या टॉवेलसारखं विरलंय. एका जागी डाग आहे. कॅन्सर नाहीये. अजून.

अजून! हा काय शब्द झाला? पाहुणे अजून आले नाहीत, भात अजून शिजला नाही, तसं?

वडील कशाने गेले, असंही विचारलं. पोटाच्या कॅन्सरने गेले, हे खरं आहे. पण ते मुळात फार चिडके होते. त्यांचं वेगळं.

पुढे विचारते, तरुणपणी साकेचा पहिला पेला घेतला की चेहरा लाल व्हायचा का? म्हटलं, छे, अजिबात नाही. तोजीला विचारायचा प्रश्न आहे का हा? कोळ्याला विचारा, पाण्याची भीती वाटते का म्हणून. बायको, मित्सुए, शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पर्स उघडली आणि परत बंद केली.

गोळ्या एक आठवडा, सकाळ-संध्याकाळ. साके बंद. शरदात पुन्हा कॅमेरा.

१० मे

डॉक्टरणीवर राग नाही. तिला कळत नाही, त्याला ती काय करणार. राग त्या जंतूवर आहे.

जंतू म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. वाफवलेल्या भातावर कोजीची बुरशी केव्हा चढायची, किती चढायची, हे मी ठरवायचो. आधी आंबट करणारे जंतू आणायचे, त्यांनी बाकीच्या उपटसुंभांना हाकलायचं, मग त्यांनाही निरोप द्यायचा. माझ्या परवानगीशिवाय एकाची आत पाऊल टाकायची टाप नव्हती. नाट्टो खाऊन आलेल्या कामगाराला मी भर बर्फात फाटकातून परत पाठवलेलं आहे. कारण त्या चिकट, तार सुटणाऱ्या सोयाबीनमधला जंतू महागुंड. एकदा कोजीत शिरला की भात गेलाच. मी स्वतः चाळीस हिवाळे नाट्टोला शिवलो नाही.

आणि माझ्याच पोटात साठ वर्षं एक फुकट्या बसलाय! ना भाडं, ना रामराम!

११ मे

डॉक्टरणीने दिलेलं माहितीपत्रक वाचलं. वाचून आणखी डोकं फिरलं. म्हणे पोटातल्या आम्लात कुणी टिकत नाही, पण हा स्वतःभोवती आम्ल मारणारा खार तयार करतो आणि त्या खाराच्या पांघरुणात मजेत राहतो. आम्ही आंबटपणा आणून गुंडांना पळवतो, हा आंबटातच तंबू ठोकतो. नालायक आहे, पण कारागीर आहे. तोशिकीपेक्षा बरा.

आता गोळ्या. त्यातल्या दोन जातींच्या गोळ्या जंतू मारतात. कुठला जंतू? सगळे! चांगला, वाईट, कामाचा, बिनकामाचा, दिसेल तो. ढेकूण मारायला घराला आग लावायची, यातली गत. ज्याने आयुष्यभर जंतूंना न्हाऊमाखू घातलं त्याने आता पोटात कत्तल करायची?

नाही. माझं ठरलंय. काट्याने काटा काढायचा. नाट्टो. रोज, तिन्ही त्रिकाळ. आतल्या गुंडावर बाहेरचा महागुंड सोडायचा. सोबत कोजीचं गोड पेय. डॉक्टरणीला शरदात दाखवतो.

१२ मे

नाट्टो. सकाळी, दुपारी, रात्री.

अडचण एकच. मित्सुए. गोळी हातात देते, पाणी देते आणि समोर उभी राहते. नंतर चांदीचा रिकामा कागद बघून घेते. आजपर्यंतच्या गिळाव्याच लागल्या. काय हा अविश्वास! पंचेचाळीस वर्षांचा संसार!

१३ मे

अडचण सुटली. गोळ्या गालात ठेवायच्या, वरून पाणी प्यायचं, आणि स्वयंपाकघरात मागे जाऊन कोंड्याचं मडकं ढवळायचं.

मडकं मित्सुएच्या आईचं. भाताचा कोंडा, मीठ आणि जंतू, बाकी काही नाही. त्यात काकडी, मुळा, वांगं पुरायचं, दुसऱ्या दिवशी आंबट-खारट करकरीत लोणचं. रोज हाताने ढवळावं लागतं, नाहीतर रुसतं. मित्सुए लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सामानात सगळ्यात जड हेच होतं. माझ्या सासूने मला सांगितलं होतं, पोरीला बोललास तरी चालेल, मडक्याला बोलू नकोस. मी म्हटलं, मित्सुए, आजपासून दोन्ही वेळा मडकं मी ढवळणार, शेवटी हात तोजीचा आहे. ती चकित झाली. खूषही झाली. म्हणाली, अहो, रिटायर झाल्यापासून आज पहिल्यांदा घरातल्या कशाला तरी हात लावलात.

एका दगडात दोन पक्षी.

१५ मे

नाट्टो. पोट फुगलं आहे. लढाई सुरू असल्याचं लक्षण.

डॉक्टरणीचा तो लाल चेहऱ्याचा प्रश्न डोक्यातून जात नाही. इथे लिहायला हरकत नाही, हे कुणी वाचणार नाही. एकोणिसाव्या वर्षी कारखान्यात लागलो तेव्हा पहिल्या पेल्याला तोंड लालभडक व्हायचं, छाती धडधडायची, भिंत धरून उभा राहायचो. जुने लोक हसायचे. म्हणून मी तालीम केली. रोज थोडं थोडं, लपून. दोन हिवाळ्यांत शरीर वठणीवर आणलं. पुढे एका बैठकीला बसून दोन बाटल्या संपवायचो आणि आवाज चढत नव्हता. लाली अजून येते, पण ती थंडीची.

याला जिद्द म्हणतात. डॉक्टरकीच्या पुस्तकात हा शब्द नसतो.

१६ मे

गोळ्या संपल्या. म्हणजे उरलेल्या मडक्यात गेल्या. मित्सुएने लाल घेवड्याचा भात केला, सणाला करतात तसा. म्हणाली, शहाण्यासारखे घेतल्यात हो, मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी घोळ घालाल. दोनदा वाढून घेतला. मन थोडं खट्टू झालं, पण भात चांगला होता.

साके बंदच आहे. आज फक्त चव घेतली. पिणं वेगळं आणि चव घेणं वेगळं. तीनदा चव घेतली.

१९ मे

सेन्दाईहून चिनात्सुचा फोन. आईने सगळं सांगितलंय. ती म्हणाली, बाबा, मलाही होता तो जंतू. तीन वर्षांपूर्वी तपासणीत निघाला. आठवडाभर गोळ्या घेतल्या, गेला. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही भांडण काढलं असतं.

भांडण मी काढतो? मी! फोनवरच ओरडलो, की तुला कुठून आला, सासरहून आला असेल, त्यांच्याकडे एका भांड्यात सगळे चमचे बुडवतात. तर मित्सुए मागून म्हणते, लहानपणी सुकवलेला माकुळ मासा चावून चावून मऊ करून तिच्या तोंडात कोण घालायचं? रोज संध्याकाळी? मांडीवर घेऊन?

मी घालायचो. प्रेमाने घालायचो. त्यात काय चुकलं? बापाच्या तोंडचा घास आहे तो.



२१ मे

मडक्याला वास येतोय. थोडा. रंगाच्या डब्यासारखा.

२२ मे

मित्सुए म्हणाली, अहो, मडक्याचा वास बिघडलाय, तुम्ही काही वेगळं केलंत का? मी काय वेगळं करणार? मी तिला शांतपणे समजावलं की जंतूंच्या बाबतीत घाबरून चालत नाही. कारणं अनेक असू शकतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. हवेतला उकाडा. तिचं हाताला लावायचं क्रीम. तिने क्रीम लावलं होतं, हे तिने कबूल केलं. मी तिला बरंच बोललो.

मोहरीची पूड आणि मीठ घातलं. तीन दिवसांत ताळ्यावर आणतो.

२४ मे

वास वाढला. आता ओल्या मोज्यांसारखा. वर पांढरी साय, तिच्यात गुलाबी ठिपके.

मी आयुष्यात याहून वाईट पिंपं सावरलेली आहेत. ताजा कोंडा घातला. मडकं थंड जागी हलवलं. मित्सुएला सांगितलं, क्रीम फेकून दे. तिने फेकून दिलं.

गोळ्यांमुळे? शक्यच नाही. एवढंसं औषध, एवढं मोठं मडकं. आणि असलाच काही परिणाम तर यावरून उलट हेच सिद्ध होतं, की त्या गोळ्या किती घातक आहेत आणि मी त्या पुढे घेतल्या नाहीत हे किती बरं केलं.

२५ मे

तोशिकी रस्त्यात भेटला. म्हणाला, उस्ताद, तब्येत कशी आहे? मी म्हटलं, उत्तम. म्हणाला, शरदात नवा हंगाम सुरू करतोय, मशीन आणलंय, कोजीचं तापमान आता फोनवर दिसतं. फोनवर! कोजीच्या खोलीत मी मांडी ठोकून रात्री काढल्या, आणि हा घरी चहा पीत बोट फिरवणार. मला विचारलं नाही की या म्हणून. एका शब्दाने नाही. माझी गरज त्याला कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

चव घेतली. बऱ्यापैकी.

२७ मे

आजचं लिहू नये असं वाटतं. पण रोज लिहायचं ठरलंय.

मित्सुएने मडक्यातून शेवटचा एक मुळा काढला. बघू, आतून तरी बरा असेल, म्हणाली. धुतला, फळीवर ठेवून कापायला घेतला. मुळ्याला खाली काहीतरी चिकटलं होतं. अर्धी विरघळलेली गोळी. तिच्यावरचा छापलेला आकडा अजून वाचता येत होता.

तिने सुरी खाली ठेवली. दोन्ही हात कोपरापर्यंत मडक्यात घातले आणि चाचपायला लागली. एक गोळी. दुसरी. कॅप्सूलचं बुळबुळीत टरफल. सगळं तिने ओट्यावर ओळीने मांडलं. मी म्हटलं, अगं, मी सांगतो. तर म्हणाली, थांबा, मोजू द्या.

नंतर ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण मला त्याचं उत्तर द्यायचंय. म्हणाली, माझ्या आईने हे मडकं महायुद्धात पाठीवर बांधून नेलं होतं. भूकंपात मी तुमच्या आधी हे बाहेर काढलं, तुम्हाला माहीत नाही. सगळ्यातून वाचलं, तुमच्या एका आठवड्यातून नाही वाचलं. आणि मला क्रीम फेकायला लावलंत. माझ्या हातांना भेगा पडतात म्हणून चिनात्सुने दिलं होतं ते. अहो, हे औषध तुमच्या पोटात जायला हवं होतं. मडक्याच्या जागी तुम्ही असतात तर आज बरे झाला असतात.

आणि रडली. मडक्यापाशी बसून, हात तसेच कोंड्याने माखलेले. माझी आई गेली तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. तेव्हा तिला रडायचं काही विशेष कारण नव्हतं, ते सोडा.



३० मे

मडक्यातला कोंडा परसात पुरला. मडकं मित्सुएने घासून उन्हात पालथं घातलं. मी खड्डा खणला. जरा जास्तच खोल खणला.

मित्सुए जेवण वाढते. नाट्टो वाढत नाही.

३ जून

मित्सुएने मला न विचारता डॉक्टरणीची वेळ घेतली. सोबत आली. आत शिरल्या शिरल्या तिने पर्स उघडली, आणि या वेळी बंद केली नाही. रुमालात गुंडाळलेल्या गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या. म्हणाली, डॉक्टर, हे मडक्यात सापडलं.

सगळं सांगितलं. गालात धरण्यापासून मुळ्यापर्यंत. कुंपणानेच शेत खाल्लं! डॉक्टरणीने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाली, म्हणजे औषध काम करतं, एवढं तरी कुमागाईसानना आता पटलं असेल.

मी म्हटलं, मुद्दा तो नाही. मुद्दा असा की माझी पद्धत नाट्टोची आहे. ती म्हणाली, नाट्टो खा, छान असतं, पण त्याने हा जाणार नाही. साठ वर्षं त्याने तुमच्या पोटाचं अस्तर झिजवलंय, त्यानेच कॅन्सरला जागा तयार केलीये. आता तुम्ही भांडत बसा, तो तोवर काम करतोय.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण मित्सुए म्हणाली, आणखी एक. त्या दिवशी तुम्ही चेहऱ्याचं विचारलंत तेव्हा हे खोटं बोलले. आमच्या लग्नात तीन घोटांत तोंड उकडलेल्या ऑक्टोपससारखं झालं होतं. फोटो आहे. आजही होतं.

मी उठून निघालोच होतो. पण कोट मित्सुएच्या मांडीवर होता.

डॉक्टरणीचा चेहरा बदलला. म्हणाली, हे मला आधी कळायला हवं होतं. साके पोटात गेली की शरीर आधी तिचं एक विष बनवतं आणि मग ते विष मोडतं. लाल होणाऱ्या माणसाच्या अंगात ते मोडणारा कामगार जन्मापासून आळशी असतो. विष साचतं, तोंडात, अन्ननलिकेत. तोंडातले जंतूसुद्धा तेच विष बनवून वर ओततात. ज्यांना एका पेल्यात गरगरतं ते बिचारे पीत नाहीत, वाचतात. सगळ्यात वाईट हाल त्यांचे, जे जिद्दीने प्यायला शिकतात.

जिद्दीने. हाच शब्द वापरला तिने.

म्हणाली, शरदात मी अन्ननलिकाही वेगळ्या प्रकाशात नीट बघणार. नव्या गोळ्या दिल्या. घरी येईपर्यंत मी मित्सुएशी बोललो नाही. तिनेही बोलायचा प्रयत्न केला नाही, त्यामुळे माझं न बोलणं वाया गेलं.

४ जून

सकाळी गोळ्या हातावर ठेवल्या. मित्सुए समोर बसली. गिळल्या. तिने म्हटलं, आ करा. केला. जीभ वर करा. केली. गुरांच्या डॉक्टरकडे बैलाचं असं करतात.

७ जून

तोंडाला तांब्याच्या भांड्यासारखी चव. पोट बिघडलंय. आतल्या आत कत्तल चालू आहे, मला जाणवतं. माझ्या कामाचे किती मेले असतील, कुणाला पर्वा नाही.

साके घेतली नाही. चवही नाही.

११ जून

संपल्या. लाल घेवड्याचा भात नाही. साधा भात.

९ ऑगस्ट

मध्ये लिहायचं राहिलं. उकाडा होता.

आज फुंकायची टेस्ट. एका पिशवीत फुंकायचं, एक गोळी घ्यायची, कुशीवर पडायचं, मग दुसऱ्या पिशवीत फुंकायचं. पोटात तो असेल तर श्वास चुगली करतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारा होता, त्याने पहिल्याच फुंकीला पिशवी फोडली. आमच्या अकिता प्रांतात अजून असे लोक आहेत.

१६ ऑगस्ट

गेला! जंतू गेला! साठ वर्षांचा भाडेकरू सामानासकट रस्त्यावर!

मी डॉक्टरणीला स्पष्ट सांगितलं, की मे महिन्यातल्या नाट्टोने त्याची कंबर आधीच मोडली होती, गोळ्यांनी फक्त शेवटचा धक्का दिला. ती म्हणाली, असेल. मित्सुए म्हणाली, नसेल. दोघी हसल्या. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

डॉक्टरणीने पुन्हा सांगितलं, धोका कमी झालाय, संपलेला नाही. अस्तर जे विरलं ते विरलं. साके सोडा. कॅमेरा चुकवू नका. या बायकांना चांगली बातमी नुसती देताच येत नाही.

घरी आल्यावर विजयाचा एकच पेला घेतला. लपून नाही घेतला, मित्सुए बाजारात गेली होती.

८ सप्टेंबर

मित्सुए नवं मडकं लावतेय. म्हणजे जुन्याच मडक्यात नवा कोंडा. पण नव्या कोंड्याला जुन्या कोंड्याचं विरजण लागतं. मी म्हटलं, मी करतो, माझा हात आहे. ती म्हणाली, तुमच्या हाताला माझं मडकं लागायचं नाही.

तर ही बाई विरजण आणायला कुठे गेली? तोशिकीच्या बायकोकडे! अख्खं गाव सोडून तोशिकीकडे! त्याच्या बायकोने पिशवीभर दिलं आणि वर विचारलं, काकू, तुमचं ते इतकं जुनं मडकं, गेलं कसं हो? मित्सुए म्हणाली, आजारी पडलं. एवढंच म्हणाली.

एवढंच म्हणाली, हे मी दोनदा लिहून खोडलं. पण असो.

१ ऑक्टोबर

कारखान्याच्या धुराड्यातून वाफ निघाली. नवा हंगाम. मला बोलावणं नाही. मी जाणारही नव्हतो.

फाटकापर्यंत फिरायला गेलो. वाफवलेल्या भाताचा वास बरोबर होता, हे मान्य करायला हवं. फोनवरून केलं तरी बरोबर होता. आत गेलो नाही. परत आलो, बाटली काढली, पेल्यात ओतली, पुन्हा बाटलीत ओतली. सांडली थोडी.

२१ ऑक्टोबर

आज कॅमेरा. आधी ठरवून ठेवलंय. सगळं नीट निघालं की मित्सुएला सुनावायचं. परक्या बाईपुढे नवऱ्याचं लग्नातलं तोंड काढलंस ते. मुद्दे कागदावर लिहिलेत. पाच आहेत.

२८ ऑक्टोबर

रिपोर्ट.

पोटातला डाग जसा होता तसाच. वाढला नाही. जंतू नाही.

पण वर, अन्ननलिकेत, एक सपाट ठिपका. नेहमीच्या प्रकाशात दिसतच नाही. डॉक्टरणी म्हणाली, मिसेस कुमागाईंनी लाल चेहऱ्याचं सांगितलं नसतं तर मी दुसरा प्रकाश लावून तिथे इतका वेळ थांबले नसते. तुकडा तपासला. कॅन्सर आहे. अगदी वरवरचा, पातळ. कॅमेऱ्यानेच खरवडून काढता येईल, छाती उघडावी लागणार नाही. पुढच्या वसंतात आला असतात तर वेगळं बोलावं लागलं असतं.

मी विचारलं, हा त्या जंतूचा ना? ती म्हणाली, नाही. त्याचा यात काही संबंध नाही, तो पोटातला. हा साकेचा, आणि तुमच्या शरीराचा.

 मग विचारलं, उशीर झालाय का? ती म्हणाली, नाही. अजून नाही.

बसमध्ये मित्सुए खिडकीशी बसली. खिशात पाच मुद्द्यांचा कागद होता. रागावायला घेतलं, पण कुणावर रागवायचं ते सापडेना. तो नालायक तर ऑगस्टमध्येच गेला. उरलेल्यांत फक्त मीच होतो.

संध्याकाळी जेवायला बसलो. तिने नव्या मडक्यातली पहिली काकडी वाढली. चव अजून कच्ची आहे, मीठ वर आहे. मी म्हटलं, छान झालीये. तिने बाकीच्या फोडी माझ्या ताटातून काढून स्वतःकडे घेतल्या, मीठ जास्त आहे म्हणाली, आणि मग उगाचच, मान खाली घालून, उद्यापासून सकाळचं तुम्ही ढवळा.

मला हो म्हणता येईना. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, अहो, खरं सांगा, साके घेतलीत का?

म्हटलं, नाही. शप्पथ. एक थेंब नाही. या वेळी खरंच नव्हती घेतली.

उठून आरशात पाहिलं. उकडलेला ऑक्टोपस.